शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे फोटो काढायला आधी बॉडी बदलू की लेन्स?

मंगळवारपेठची

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू आहे. धाकटा भाऊ तालमीच्या (पेठेतल्या मंडळाच्या) फुटबॉल संघातून खेळतो, त्यामुळे सीझन सुरू झाला की शाहू स्टेडियमवर माझी फेरी ठरलेली. त्याच्या तालमीच्या पेजवर फोटो मीच टाकते. पोरांना ते आवडतात, पण मला स्वतःला पटत नाहीत, म्हणून इथे विचारतेय.

माझ्याकडे कॅनन १५००डी आहे. सोबत आलेल्या दोन लेन्स, १८-५५ आणि ५५-२५० (आकडे एमएमचे, मोठा आकडा म्हणजे लांबचं जवळ दिसतं). अडचणी अशा:

हेडरचा फोटो हवा असतो तेव्हा एका फ्रेममध्ये बॉल डोक्याच्या वर असतो आणि पुढच्या फ्रेममध्ये पार निघून गेलेला असतो. कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो.

फोकस खेळाडूवर धरलेला असतो आणि ऐन वेळी मागच्या गॅलरीवर जाऊन बसतो. पेपर फेकणारा माणूस स्पष्ट, आमचा स्ट्रायकर पुसट.

तिसरी अडचण चारच्या मॅचची. शेवटी उजेड उतरतो, आणि पेनल्टींचा टायब्रेकर लागला की सगळे फोटो एकतर हललेले नाहीतर दाणेदार. खरा जीव तर तिथेच असतो!

बजेट ७० हजार. शिष्यवृत्तीतले शिल्लक आणि बारसं-वाढदिवसाच्या ऑर्डरींतून साठवलेले, त्यामुळे एकदाच नीट खर्च करायचा आहे. दुकानदार म्हणतो नवीन मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्या. मामेभाऊ लग्नाची कामं करतो, तो म्हणतो ७०-२०० एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) सोडून दुसरं काही घेऊच नको. भावाचा मित्र म्हणतो १५०-६०० घे, सगळं मैदान हातात येतं. कुणाचं ऐकू?

आरस्पानी

पुण्याहून लिहितोय. मी बालेवाडीला आणि कॉलेजांच्या मैदानांवर ॲथलेटिक्स, फुटबॉल दोन्ही शूट करतो. माझं मत सरळ आहे: बॉडी बदल. कॅनन आर१० घे. मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फ्रेम मिळतात, आणि फोकस माणूस ओळखून त्याच्या चेहऱ्याला, डोळ्याला चिकटून राहतो. गॅलरीवर फोकस पळायची तक्रार बऱ्याच अंशी तिथेच मिटते. तुझी ५५-२५० ॲडाप्टर लावून त्यावर चालेल, लेन्सचे पैसे लगेच घालायला नकोत. पुढे जमलं तर आरएफ १००-४०० घे. ६३५ ग्रॅमची लेन्स आहे, दिवसभर हात दुखत नाही.

एक सूचना मात्र आत्ताच देतो. त्यात आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर आहे, २३ फ्रेमचं. ते फुटबॉलला वापरू नकोस. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्या वेळात बॉल पुढे सरकलेला असतो आणि फोटोत अंडाकृती येतो. खेळाडूचा फिरणारा पायही वाकडा दिसतो.

गोलकी

पोरी, मी शाहू स्टेडियमवर आधी गोलपोस्टमध्ये उभा राहिलो आणि गुडघा गेल्यावर गोलपोस्टच्या मागे बसायला लागलो. तेव्हापासून कॅमेरा हातात आहे. आरस्पानींनी आर१० बद्दल सांगितलं त्यात खोट काही नाही, कॅमेरा चांगलाच आहे. पण तुझ्या प्रश्नात एक गोष्ट राहिली, आणि बाकी सगळं तिच्यावर ठरतं. तू बसतेस कुठं?

फुटबॉलला लेन्स जागेवरून ठरते. हिशेब सोपा आहे, वहीत मांडून बघ. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद. २०० एमएमला ३० मीटरवरच्या खेळाडूभोवती जवळपास ३.३ मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच एवढी चौकट मिळते. म्हणजे उडी मारणारा एक माणूस आणि त्याला भिडलेला दुसरा, भरून फोटो. तोच खेळाडू ५० मीटरवर असेल तर चौकट साडेपाच मीटर रुंद होते. कापून वापरता येतो, पण जीव कमी झालेला असतो. ७० मीटरवर गेला की सोडून द्यायचा, २०० ला तो तुझा फोटोच नव्हे.

आता मैदान घे. मोठ्या सामन्यांचं मैदान १०५ बाय ६८ मीटरचं धरतात, आपलं थोडं इकडंतिकडं असेल. मध्यरेषेजवळ टच लाइनला बसलीस तर दोन्ही गोल साठेक मीटर लांब राहतात. कुठलाच गोल नीट मिळत नाही. मिळतो तो मधल्या फळीतला रेटारेटीचा फोटो, आणि तोही खेळाडू तुझ्याकडं पाठ करून पळताना. तेच गोललाइनच्या मागं, गोलपोस्ट आणि कॉर्नरचा झेंडा यांच्या साधारण मध्ये बसलीस तर पेनल्टीचा ठिपका तुझ्यापासून बावीसेक मीटरवर येतो. सगळी डी, म्हणजे गोलसमोरची पेनल्टीची चौकट, ७०-२०० च्या टप्प्यात येते. शिवाय चढाई करणारा तुझ्याकडं तोंड करून येतो. डोळे, दात, कपाळावरचा घाम, आणि बॉल, सगळं एका चौकटीत. फुटबॉलच्या फोटोत बॉल आणि चेहरा दोन्ही पाहिजेत, ते या जागेवरून सगळ्यात जास्त वेळा मिळतं.

म्हणून संयोजकांकडं आणि केएसएकडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) खाली बसायची परवानगी रीतसर माग. तालमीचं पत्र घेऊन जा. कॅमेऱ्याच्या आधी ते कर. त्याला पैसे पडत नाहीत.

बसायचं म्हणजे खरंच खाली बसायचं. छोटं स्टूल, नाहीतर मांडी घालून जमिनीवर. उभं राहून काढलास की खेळाडू गवतावर चिकटल्यासारखा दिसतो. लेन्स त्याच्या कमरेखाली आली की तो उंच दिसतो, उडी उडी वाटते.

१५०-६०० चं म्हणशील तर गॅलरीच्या वरच्या पायरीवरून काढायचं असेल तरच तिचा विचार. ६०० ला ती एफ/६.३ असते, म्हणजे उजेडाची बोंब आणखी वाढली. आणि एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या मैदानावरची हवा हलत असते. लांबून काढलेला फोटो त्या हवेतनंच येतो, कडा विरघळल्यासारख्या दिसतात. त्यावर कुठल्याच लेन्सचा इलाज चालत नाही. जवळ जाणं हाच इलाज.

मंगळवारपेठची

काका, मी आत्तापर्यंत गॅलरीतच बसायचे, मैत्रिणींसोबत, मध्यरेषेच्या समोर. म्हणजे जागाच चुकीची धरली होती म्हणायची. तालमीच्या अध्यक्षांशी बोलले, ते पत्र देतो म्हणालेत.

मग खाली बसायचं धरलं तर प्रश्न असा राहतो: ७०-२०० एफ/४ की एफ/२.८? जुन्या बाजारात दोन्ही दिसतायत. आणि तीन फ्रेमचं काय करू? ७डी मार्क टू वापरलेला मिळतोय, त्यात १० फ्रेम आहेत म्हणे.

म्हापशेकर

म्हापशाहून. इथे दुलेर स्टेडियमवर लोकल लीगचे फोटो काढतो. ताई, तुमच्याकडे दिवसाउजेडी खेळ होतो हे मोठं सुख आहे. पण उद्या तुमच्या भावाचा संघ बाहेरच्या स्पर्धेला गेला आणि फ्लडलाइटखाली खेळावं लागलं तर काय होतं ते सांगून ठेवतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला कळत नाही, १/१००० च्या शटरला कळतं. ओळीने सहा फोटो काढले तर दोन उजळ, दोन तपकिरी, दोन अर्धे काळपट. ७डी मार्क टूमध्ये यावर अँटी-फ्लिकर नावाची सोय आहे. कॅमेरा दिव्याच्या उजळ क्षणाची वाट बघून शटर सोडतो. आर१० मध्येही ती आहे. तुमच्या १५००डीत नाही. त्यामुळे पुढेमागे बॉडी घ्याल तेव्हा ही सोय आहे ना, एवढं बघून घ्या.

फ्लडलाइटला एफ/२.८ शिवाय माझं पान हलत नाही. एफ/४ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की दाणे येतात) दुप्पट करावा लागतो, आणि लहान मैदानांवर दिवे इतके कमी असतात की ते दुप्पट परवडत नाही. कॉर्नरच्या बाजूला तर आणखी अंधार.

पावसाचंही सांगतो, आमच्याकडे त्याला पर्याय नसतो. जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाला रबरबँड, मागून हात घालायला भोक, बस्स. घरी आल्यावर लेन्स लगेच बॅगेत कोंबायची नाही. पंख्याखाली सुकवायची, मग सिलिका जेलच्या डब्यात.

गोलकी

म्हापशेकरांचं बरोबर आहे. मी त्यांच्याच बाजूला येतो, पण माझं कारण वेगळं आहे. ते कारण म्हणजे टायब्रेकर.

बघ, दुपारच्या पहिल्या मॅचला ऊन रणरणतं असतं. तेव्हा तुझी ५५-२५० सुद्धा पुरते. आयएसओ २००, एफ/५.६, शटर १/१६००, काय अडत नाही. चारच्या मॅचलाही पहिला हाफ आरामात जातो. नंतर गॅलरीची सावली मैदानावर सरकायला लागते. अर्धं मैदान उजेडात, अर्धं सावलीत, आणि खेळाडू सारखे आतबाहेर. तेव्हा कॅमेरा मॅन्युअलवर ठेव, शटर आणि ॲपर्चर बांधून टाक, आयएसओ ऑटो. सावलीत गेला की आयएसओ चढतो, उजेडात आला की उतरतो, तुला बघावं लागत नाही.

मॅच बरोबरीत सुटली आणि टायब्रेकर लागला की सूर्य गेलेला असतो. एफ/५.६ ला १/१००० धरायला आयएसओ ६४०० लागतो, आणि तुझ्या कॅमेऱ्याचा तो शेवट. एफ/२.८ ला तेच काम १६०० वर होतं. चौपट उजेडाचा फरक आहे तो. एफ/४ ला ३२००, मधला मार्ग. माझ्या मते टायब्रेकरचे फोटो हीच तुझी खरी गरज आहे, तू स्वतःच लिहिलंयस जीव तिथं असतो म्हणून. तेव्हा एफ/२.८ घे. वापरलेली, जुनी, बिनआयएसची चालेल. आयएस हाताची थरथर थांबवतो, पळणाऱ्या माणसाला थांबवत नाही. १/१००० ला त्याचा उपयोग नाही, त्याचे पैसे कशाला द्यायचे? कॅननची १९९५ पासूनची बिनआयएसची ७०-२०० एफ/२.८ आहे, फोकसची मोटर आजही झपाट्याची. वजन मात्र १.३ किलो, तुझ्या लेन्सच्या तिप्पट वाटेल. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लागेल.

आता तीन फ्रेमचं. पोरी, हेडरचा फोटो दहा फ्रेमनं मिळत नाही, उडी ओळखल्यानं मिळतो. तू भावाचा खेळ बघतेस, कॉर्नर कोण घेतो, कुठल्या पोस्टला टाकतो हे तुला पाठ असेल. कॉर्नर घेणाऱ्याकडं बघूच नको. डीमध्ये जो हेडर मारणार त्याच्या छातीवर फोकस धरून बस. त्याचा पाय जमिनीतनं सुटला की बटण दाब. कपाळाला बॉल लागायच्या वेळी तुझी पहिली फ्रेम पडलेली असते. एकच फ्रेम, पण ती त्या क्षणाची. हे अंगवळणी पडलं की मग १० फ्रेमचा कॅमेरा घे, तो तुझं काम दुप्पट सोपं करेल. उलट्या क्रमानं केलंस तर घरी जाऊन हजारभर फोटोंत तो क्षण शोधत बसशील.

फोकस गॅलरीवर पळतो त्याची दोन कारणं. एक तर ५५-२५० ची मोटर संथ आहे. खेळाडू निसटला की ती पुढं-मागं शोधत जाते आणि मागच्या गर्दीत ठळक रेषा दिसल्या की तिथंच थांबते. दुसरं, तू फोकसचे नऊच्या नऊ पॉइंट चालू ठेवले असशील. मधला एकच ठेव, तुझ्या कॅमेऱ्यात तोच सगळ्यात भरवशाचा आहे. एआय सर्व्हो लाव, म्हणजे हलणाऱ्या खेळाडूवर फोकस सतत फिरत राहतो. आणि फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या स्टार बटणावर दे, मेनूतल्या कस्टम फंक्शनमध्ये ती सोय आहे. अंगठा फोकसला, तर्जनी फोटोला. मधे रेफ्री आडवा आला की अंगठा उचलायचा. फोकस आहे तिथंच थांबतो, रेफ्री गेला की परत दाबायचा. एवढ्यानं तुझे निम्मे पुसट फोटो कमी होतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १५००डी विकू नको. पुढं दुसरी बॉडी घेशील तेव्हासुद्धा नको.

गोल झाला की काय होतं? खेळाडू पळत सुटतो आपल्या पेठेच्या गॅलरीकडं. आपल्याकडं कुठल्या तालमीची माणसं गॅलरीत कुठं बसतात हे बाहेरच्याला माहीत नसतं, तुला माहीत आहे. लई मोठी पुंजी आहे ती, बाहेरगावचा कुठलाही फोटोग्राफर त्यात तुझ्यापुढं जाणार नाही. मॅचच्या आधीच बघून ठेव, या गोलमध्ये कोण मारणार आणि मारला तर कुठल्या कोपऱ्याकडं पळणार. गोलच्या ज्या बाजूला तो कोपरा, त्या बाजूला बस. तो पळत तुझ्यावरच येतो. पण पाच मीटरवर आला की ७० एमएमला दीड मीटरच रुंदी मावते. एक माणूस, तोही अर्धा कापलेला. त्याच्यावर उडी मारणारे चौघे, मागं जाळीला लटकलेली पोरं, गुलाल, हलगी, सगळं चौकटीबाहेर! तेव्हा गळ्यात दुसरा कॅमेरा पाहिजे, १८-५५ लावलेला, २४ च्या आसपास ठेवून. मोठी लेन्स मांडीवर टाकायची आणि हा उचलायचा. मैदानावर लेन्स बदलत बसायचं नाही, धूळ सेन्सरवर जाते आणि तोवर मिठ्या मारून झालेल्या असतात.

सध्या दुसरी बॉडी नाही, तर मामेभावाची मागून घे. त्याची जुनी पडून असेल.

कूपरेजचा कट्टा

मुंबईहून. मी एका वर्तमानपत्राच्या फोटो विभागातून निवृत्त झालो. रोव्हर्स कपच्या दिवसांत कूपरेजवर बसायचो तेव्हा हाताने फोकस फिरवायची १८० एमएम एफ/२.८ निकॉर आणि ४०० चा कृष्णधवल रोल, संध्याकाळ झाली की १६०० ला पुश करून धुवायचा. एका रोलमध्ये ३६ फोटो. गोलकींनी उडीबद्दल लिहिलंय ते अक्षरन् अक्षर खरं. रोल संपायला आला की आम्ही श्वास धरून बसायचो, कारण बदलताना गोल पडला तर ऑफिसात काय सांगणार!

मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. या उपकरणाच्या नाहीत, पण लेन्स निवडतानाच त्यांचा विचार व्हावा.

पहिली, कॅमेरा उभा धरायची सवय. धावणारा माणूस उभा असतो. आडव्या चौकटीत दोन्ही बाजूंना रिकामं गवत येतं आणि कापल्यावर फोटो लहान होतो. उभ्या चौकटीत २०० एमएम सुद्धा लांबपर्यंत पुरते. दोघे एकमेकांना भिडले की आडवा, एकटा सुटला की उभा. जड लेन्स मोनोपॉडवर असेल तर तिची कॉलर (लेन्सला स्टँडवर धरणारी कडी) सैल ठेवा, कॅमेरा झटक्यात फिरतो.

दुसरी, ओळख. डेस्कवर रोज उत्तम फोटो यायचे आणि पडून राहायचे, कारण खाली नाव नसायचं. गोल झाला की जल्लोष काढून झाल्यावर त्या खेळाडूच्या पाठीवरच्या नंबरचा एक साधा फोटो काढून ठेवा. मॅचच्या आधी दोन्ही संघांची यादी मोबाइलमध्ये टिपून घ्या. घरी आल्यावर नाव, संघ, मिनिट लिहा आणि मगच पेजवर टाका. तुमच्या भावाच्या वयाची मुलं उद्या कुठेतरी निवडीला जातील. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला, त्यात तुमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. अशा मुलाचे पेठेतल्या मैदानावरचे, नावानिशी, तारखेनिशी जपलेले फोटो पुढे कुणाकडे असणार? तुमच्याकडेच.

आणि हरलेल्या संघाचेही काढा. टायब्रेकरला चुकलेल्या मुलाला त्याचाच गोलकीपर येऊन मिठी मारतो, तो फोटो जिंकलेल्यांच्या उड्यांपेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो.

आरस्पानी

गोलकी, तुमच्या जागेच्या हिशेबावर माझं दुमत नाही, पण बॉडीवर अजून आहे. तुम्ही वर्षानुवर्षं गोलमध्ये उभे राहिलात, तुम्हाला उडी आधी दिसते. नवशिक्याला कॅमेऱ्याने हात दिला तर बिघडलं कुठे? पोरं खेळतायत तो सीझन थोडाच थांबणार आहे. शिकेपर्यंतचे फोटो तर गेलेच ना हातचे?

गोलकी

आरस्पानी, हे मान्य. तिच्याकडं दीड लाख असते तर मी दोन्ही घे म्हटलं असतं. पण आहेत ७०. त्यात आर१० घेतला तर लेन्स तीच एफ/५.६ राहते, आणि डोळा ओळखणारा फोकस असला तरी सहा वाजता ६४०० चा दाणा काही जात नाही. १००-४०० तर ४०० ला एफ/८, म्हणजे आणखी एक स्टॉप खाली, उजेड निम्मा. बॉडी दर चार-पाच वर्षांनी जुनी होते. चांगली लेन्स तीन बॉड्या बघते. पुढं तिनं मिररलेस घेतला तरी हीच लेन्स ॲडाप्टरवर त्याच वेगानं चालते. म्हणून ७० मध्ये पहिला मान लेन्सचा.

मंगळवारपेठची

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवलंय: वापरलेली ७०-२०० एफ/२.८, बिनआयएसची. उरलेल्या पैशात मोनोपॉड आणि सिलिका जेलचा डबा. १५००डी राहणार. पैसे साठले की पुढच्या सीझनला बॉडी, तेव्हा ७डी मार्क टू की आर१० यावर परत इथेच येऊन डोकं खाईन. मधल्या काळात मामेभावाची जुनी बॉडी १८-५५ लावून गळ्यात.

दोन शंका. लेन्स जुनी घ्यायची तर काय तपासू? आणि टायब्रेकरला नेमकं कुठे बसू? कुठल्या गोलला होणार ते आधी ठाऊक नसतं.

गोलकी

टायब्रेकर कुठल्या गोलला होणार ते रेफ्री टॉस करून ठरवतो. टॉसला कॅप्टन गेले की तूही उठून तयार राहा. गोल ठरला की गोललाइनच्या बाजूला, आडव्या कोनात जागा धर. रेफ्री आणि लाइन्समनच्या आड येऊ नको, ते सांगतील तिथं मागं सरक. मारणाऱ्याचा पाय सगळेच काढतात. तू गोलकीपरकडं बघ. मी तिथं उभा राहिलोय. बॉल मारायच्या आधी गोलकी मारणाऱ्याच्या कमरेकडं बघत असतो, आणि त्या क्षणी चेहऱ्यावर जे असतं ते उडीत राहत नाही. आधी चेहरा, मग उडी. शेवटची पेनल्टी पडली की गोलकडं पाठ फिरव आणि लेन्स मैदानाच्या मध्याकडं वळव. मधल्या वर्तुळात खांद्यावर हात टाकून उभी असलेली पोरं तिथनं सुटतात. पहिले दोन सेकंद २०० ला, जवळ आली की गळ्यातला कॅमेरा.

आता लेन्स. दुकानात काचेच्या कपाटासमोर बघून घेऊ नको. पुढचं-मागचं झाकण काढ, मोबाइलची बॅटरी एका टोकानं आत मार आणि दुसऱ्या टोकानं तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी परत दे. आपल्याकडचा पावसाळा लेन्सला लई वाईट. धुळीचे दोन-चार कण दिसले तर घाबरू नको, त्यानं फोटोला काही होत नाही. झूमची आणि फोकसची रिंग फिरवून बघ, खरखर नको. एफ/८ ला ठेवून डेप्थ ऑफ फील्डचं बटण असलेल्या कॅमेऱ्यावर ॲपर्चरची पाती मिटतात का बघ. पात्यांवर तेल चमकत असेल तर नको.

मग गल्लीत पोरं खेळत असतील तिथं घेऊन जा. एखाद्याला तुझ्याकडं पळत यायला सांग, सर्व्होवर, एफ/२.८ ला फोटो काढ आणि तिथंच पडद्यावर मोठे करून बघ. शर्टावरचा शिलाईचा दोरा दिसला पाहिजे. सगळे फोटो सारखेच थोडे पुढं किंवा मागं फोकस झालेले दिसले तर सोड ती लेन्स, तुझ्या कॅमेऱ्यात ते दुरुस्त करायची सोय नाही. एखाददुसरा चुकला तर चालेल.

तोवर एखाद्या मोठ्या मॅचला भाड्यानं घ्यायची असेल तर एक ध्यानात ठेव, आपला सीझन आणि लग्नसराई एकाच वेळी येतात. मुहूर्ताच्या दिवशी शहरातली एकही ७०-२०० मोकळी नसते. फायनल जवळ आली की कॅलेंडर बघून आधीच सांगून ठेव, मामेभावालासुद्धा.

आणि सौदा करताना ट्रायपॉडची कॉलर सोबत आहे ना, हे विचारून घे. जुन्या लेन्सबरोबर बऱ्याचदा तीच मिळत नाही, आणि तिच्याशिवाय मोनोपॉड कॅमेऱ्याला लावावा लागतो. मग सगळं वजन पुढं झुकतं आणि माउंटवर ताण येतो.